भागुबाईचा आणि यानाचा सेवापूर्ती सोहळा

दोन हजार अकराच्या आषाढात अमेरिकेचं एक यान रिटायर झालं आणि त्यापायी मखमलाबाद नाक्यावरची भागुबाई जिवंतपणी मेली. यात यानाचा काही दोष नव्हता. ते बिचारं तिकडं फ्लोरिडात उतरलं, चाकं टेकवली आणि गप उभं राहिलं. घोळ सगळा इकडच्या लोकांनी घातला.

नाशिकच्या फुलबाजारात भागुबाईची जागा होती. जागा म्हणजे काय, एक बारदान पसरेल एवढी फरशी, पाठीला भिंत आणि डोक्यावर ठिगळांची ताडपत्री. त्या जागेला ना कागद ना पावती. बाजाराचा कायदा एकच, बसेल त्याची जागा. चार दिवस बसलं नाही की शेजारीण आपली पाटी पायानं हळूच सरकवते. आठवड्यात जागा तिची होते, मग ब्रह्मदेव खाली आला तरी ती उठत नाही. म्हणून भागुबाई ताप असो, तंटा असो, बसायचीच. नवरा गेला तेव्हासुद्धा दिवस होईपर्यंत तिनं नणंदेला बारदानावर बसवून ठेवलं होतं. बाई घरात रडायची आणि मधूनच डोळे पुसून विचारायची, "वन्सं बसल्यात ना तिथं? उठल्या तर नाय?"

ती मूळची बागलाणातली, नामपूरची. लग्न होऊन मखमलाबादला आली तेव्हा तोंडात नुसती अहिराणी. सासूनं डोक्यावर झेंडूची पाटी दिली आणि बाजारात आणून बसवलं. शहरी मराठीत ती आधी शिव्या शिकली, मग भाव करायला शिकली, उरलेली भाषा पुढं सवडीनं आली. रागावली की मात्र अजून अहिराणीच बाहेर पडायची, कारण भांडताना शब्द शोधत बसायला वेळ कुणाला असतो? शेतात झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. तिचा हार बाजारात ओळखू यायचा. भागुबाईचा झेंडू दाबून ओवलेला, मधून बोट घालीन म्हटलं तर जात नसे. "हार म्हणजे काय फुलांची मिरवणूक हाय का, एक इकडं एक तिकडं?" असं ती शेजारच्या लंकाबाईला ऐकवायची. लंकाबाईचे हार तसेच असायचे.

यानाची बातमी आली ती गंगाधर सरांच्या तोंडून. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पंचवटीतले, रोज सकाळी देवाला फुलं न्यायला यायचे. त्या दिवशी पिशवी पुढं करायची विसरून उभेच राहिले. डोळे लाल.

"सर, घरात कुणी आजारी हाय का?" भागुबाईनं विचारलं.

"शटल गेलं हो, भागुबाई. काल शेवटचं उतरलं. तीस वर्षांची सेवा. आता निवृत्त."

"कोन्या खात्यात होतं?" लंकाबाईनं गजरा गुंफता गुंफता विचारलं.

सरांनी बगलेतला पेपर उलगडून फोटो दाखवला. पांढरं, बुटकं, पोट काळं. लंकाबाईनं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "बदक दिसतंय."

"अहो, हे परत परत वापरता येणारं यान. बाकीची एकदा गेली की संपली. हे अंतराळात जायचं, काम करायचं, विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं. झाडूनपुसून परत वर."

"मग काढलं कशापायी?" भागुबाई म्हणाली.

"जुनं झालं. खर्च परवडेना. दोन यानं अपघातात गेली, माणसांसकट. त्यातल्या एकात आपली हरियाणाची मुलगी होती."

"अगं बाई."

"पेन्शन बसली का?" हे पलीकडच्या नारळवाल्यानं विचारलं. त्याला वाटलं कुणी माणूसच आहे. मग बाजारभर चर्चा. कुणी म्हणालं, भंगारात द्या, चांगलं वजन भरंल. कुणी म्हणालं, आपल्या एस्टीला द्या, सप्तशृंगीच्या घाटात चालंल. सर कळवळून म्हणाले, "संग्रहालयात ठेवणार आहेत. लोक तिकीट काढून बघायला येतील."

"म्हणजे बसवून ठेवनार," भागुबाई म्हणाली आणि फुलांवर पाणी मारायला लागली. जरा जोरातच मारलं. सरांच्या धोतरावर उडालं.

कारण घरी तिलाही बसवून ठेवायचा बेत चालला होता. मुलगा कुंदन सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर झाला होता. शेताच्या तुकड्याला लागून रो-हाऊसची कॉलनी उठली होती, तिथं त्यानं घर घेतलं होतं. कॉलनीतली माणसं विचारायची, "तुमच्या मदर काय करतात?" कुंदन म्हणायचा, "फ्लॉवर्सचा बिझनेस आहे." मग एक दिवस त्या माणसांना बाजारात बारदानावर बसलेला बिझनेस दिसला, तोही लंकाबाईच्या आईचा उद्धार करताना. ते एक. दुसरं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी भागुबाई पहाटे टेम्पोच्या फाळक्यावरून पाटीसकट खाली आली होती. गुडघा असा सुजला की त्यावर ताट ठेवून जेवता आलं असतं. कुंदननं तिला उचलून दवाखान्यात नेलं, आणि तेव्हापासून रोज तेच. "आई, बास झालं. तू आता घरी बस."

"घरी बसून काय करू? टीव्ही बघू? त्यातल्या बायका आधीच रडत असत्यात, त्यांना माझी काय गरज?"

"जागा लंकामावशीला देऊन टाक."

"तिला द्यायची काय गरज? मी वळून शिंकले तर ती घेती."

आता रविराज. मखमलाबाद नाक्यावर पाऊल टाकलं की रविराज दिसायचा. म्हणजे फ्लेक्सवर दिसायचा. महापालिकेची निवडणूक पुढच्या वर्षी, आणि वॉर्डात कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी अभिनंदनाला रविराजचा फोटो लागायचा. गंगाधर सरांनी त्याच्याकडं मारुती मंदिरापुढचं पटांगण मागितलं. पडद्यावर चार चित्रं दाखवून शटलवर तासभर बोलावं, एवढीच त्यांची इच्छा.

"व्याख्यान?" रविराज म्हणाला. "सर, व्याख्यानाला तुम्ही आणि माईकवाला. आपण भव्य करू ना. सेवापूर्ती सोहळा! तीस वर्षं सेवा केली ना त्यानं? मग शाल-श्रीफळ झालंच पाहिजे."

"पण घालणार कुणाला? यान अमेरिकेत आहे."

"कटआऊट कशाला असतं, सर?"

शेजारी कुंदन उभा होता, तो रविराजचा शाळेतला दोस्त. त्याच्या डोक्यात तिथंच पेटलं. तीस वर्षांची सेवा तर आईचीही झाली, जास्तच झाली. स्टेज आहे, माईक आहे, शाल एकीच्या जागी दोन. आणि चारचौघांत एकदा शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, 'आता त्यांनी आराम करावा' असं भाषण झालं, की माणूस रिटायर. मग दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन बाजारात कोणत्या तोंडानं जाईल? घरात आई ऐकत नव्हती, स्टेजवर तिला ऐकावं लागणार होतं. रविराजलाही ते पटलं. यानाला मत नव्हतं, भागुबाईच्या भावकीला बरीच होती.

भागुबाईला एवढंच सांगितलं की यानाच्या कटआऊटला हार पाहिजे, लांबच्या लांब, ताठ, आणि रविवारी कार्यक्रमाला नवी साडी नेसून यायचं, त्या दिवशी बाजारात जायचं नाही. आषाढात लग्न नाही, मुंज नाही, फुलांना कुत्रं विचारत नाही. भागुबाई खूश. शनिवारभर अंगणात पाय पसरून ओवत बसली. हार एवढा झाला की दोन पोरं तो पालखीसारखा घेऊन गेली. बाजारात नाही जायचं हे तिला रुचलं नव्हतं, पण गुडघा ठणकत होता. एका दिवसात लंका किती सरकंल, असं तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेला रविराज, त्याच्या खांद्याशी यान, आणि खाली कोपऱ्यात पदर डोक्यावर घेतलेली भागुबाई. फोटो रेशनकार्डाच्या वेळचा. त्यात बाई कॅमेऱ्याकडं अशी बघत होती, जशी काही तो तिचा तांदूळ मोजून घेतोय. शेजारी सगळं सविस्तर छापलं होतं, अखंड सेवा वगैरे, सत्काराची वेळ, ठिकाण. पण नाक्यावर थांबून फ्लेक्स वाचतो कोण? लोक गाडीवरून जाता जाता बघतात, आणि बघण्यासारखं पोरांनी केलंच होतं. कटआऊट अजून आलं नव्हतं, म्हणून हार फ्लेक्सवरच्या यानाला घातला, तर खूप उरला. उरलेला लोंबता कशाला सोडायचा म्हणून त्यांनी तो खाली आणला आणि भागुबाईच्या फोटोभोवती व्यवस्थित वेटोळं घालून बांधला. सकाळच्या आरतीला निघालेल्या मंदिराच्या पुजाऱ्यानं फोटोला हार पाहिला आणि राहवेना म्हणून खाली दोन उदबत्त्या खोचल्या.

फोटो, फोटोला हार, समोर उदबत्ती. यापुढं आपल्याकडं वाचायचं काही शिल्लक राहत नाही.

सगळ्यात आधी दूधवाल्यानं पाहिला. त्यानं बाजारात सांगितलं. तिथं भागुबाईचं बारदान रिकामं. जी बाई तापातसुद्धा चुकत नाही ती आज नाही, म्हणजे झालंच. लंकाबाईनं हंबरडा फोडला. कुणीतरी भागुबाईच्या चांदवडच्या पुतणीला फोन लावला, पुतणीनं नामपूरला भावाला लावला. सगळेच फोन रडत रडत झाल्यामुळं कसं, कधी, काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. कुंदनला फोन लावायचं एक-दोघांच्या मनात आलं होतं. पण ज्याची आई गेली त्याला काय विचारायचं, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

इकडं मेलेली बाई घरात चहा पिऊन, भाकरी खाऊन, वैतागून गेली होती. सून तिला नवी साडी दाखवत होती आणि तिचा जीव बारदानात. दुपारी सून आत गेल्याचं पाहून ती निघाली, नाक्यावर कुंदन दिसेल म्हणून मागच्या रस्त्यानं रिक्षा केली आणि फुलबाजारात उतरली. म्हटलं, नुसतं बघून येऊ.

लंकाबाई तिच्या जागेवर बसली होती. कडेला नव्हे, मधोमध. तीन पाट्या मांडलेल्या. आणि डोळ्यांना पदर लावून रडत होती.

"लंके."

लंकाबाईनं वर पाहिलं, किंकाळी मारली आणि गजऱ्याच्या पाटीत मागं पडली. नारळवाला उभ्या उभ्या 'राम राम' म्हणायला लागला. ते नमस्काराचं नव्हतं.

"काय झालं गं तुला? अन् माझ्या जागेवर काय करती?"

"तू... तू मेली ना, भागे? नाक्यावर हार घातलाय तुला! मी सकाळपासून रडती तुझ्यासाठी!"

"रडत होती का पसरत होती?"

लंकाबाईनं नाक पुसलं. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "दोन्ही," ती म्हणाली.

बायका जमल्या, कुणी भागुबाईला चिमटा काढून पाहिला, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. फ्लेक्स, हार, उदबत्ती. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "मावशी, तुमचा संध्याकाळी सत्कार हाय. रिटायर होताय ना तुम्ही? तिथं लिवलंय." हे पोरगं बाजारातलं एकटंच, ज्यानं फ्लेक्स वाचला होता.

भागुबाईनं पदर खोचला. मेल्याच्या बातमीनं तिला काही झालं नव्हतं. रिटायर व्हायच्या बातमीनं झालं. तिनं लंकाबाईच्या पाट्यांकडं पाहिलं. एक सकाळ, आणि जागा मधोमध गेली होती. शाल पडली तर उद्या इथं तिच्या नावाची फरशीसुद्धा राहणार नव्हती.

"पाट्या सरकव," ती म्हणाली. "उद्या येते."

"पण तुझा सत्कार..."

"उद्या येते म्हटलं ना!"

नाक्यावर तिनं फ्लेक्स पाहिला. स्वतःच्या हातानं ओवलेला हार स्वतःच्याच गळ्यात बघून बाई क्षणभर हलली, मग गाठ कुठं मारलीय ते पाहिलं आणि "मूर्ख, दोरा वरून दिसतोय" एवढं म्हणाली. तोच नामपूरची जीप येऊन थांबली. तिचा भाऊ सावळीराम खाली उतरला, फ्लेक्ससमोर जाऊन उभा राहिला आणि छाती बडवायला लागला.

"ओ मन्ही बाई वं! माले न भेटताच गयी वं!"

"भाऊ," मागून आवाज आला, "मी जित्ती शे. तुना डोया शेतस का कवड्या?"

सावळीराम वळला. तोंड उघडं ते उघडंच. जीपमधल्या बायकांनी रडणं थांबवावं की वाढवावं हे न ठरल्यानं मधलाच एक सूर धरला. सावळीरामच्या काखेत पिशवी होती. मेलेल्या बहिणीला शेवटची साडी माहेरची लागते, ती तो सटाण्याला गाडी थांबवून घेऊन आला होता.

"हाई साडी लई उनू मी," तो गोंधळून म्हणाला. "आते काय करू?"

भागुबाईनं पिशवीत डोकावून काठ पाहिले. "रंग बरा शे," ती म्हणाली. "पन जित्ती होतू तवय कधी आनी नही अशी."

संध्याकाळपर्यंत आणखी गाड्या आल्या. चांदवड, गिरणारे, भावकी, व्याही. मयताला आलेली माणसं लगेच परत कशी जाणार? मांडव दिसला, खुर्च्या दिसल्या, बसली. रविराजला आयुष्यात एवढी गर्दी मिळाली नव्हती. तो आनंदानं घामेघूम झाला. गंगाधर सर माईकपुढं उभे राहिले आणि शटलविषयी बोलायला लागले. पहिलं उड्डाण, ती रात्रंदिवस काम करणारी माणसं, आकाशात फुटलेलं यान, परतीच्या वाटेवर तुकडे झालेलं दुसरं, त्यातली आपली मुलगी. समोरची माणसं सकाळपासून रडायची तयारी करून आली होती आणि रडायला काही मिळालं नव्हतं. ती जी सुटली! बायकांनी पदर तोंडाला लावले. सावळीराम तर हुंदके देत होता. इतकी वर्षं सर व्याख्यानं देत होते, यानासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. "नाशिककरांनो," ते म्हणाले आणि पुढं बोलवेना, खाली बसले.

यानाच्या कटआऊटला शाल घातली, ती वाऱ्यानं पडली, परत घातली, टाचणीनं टोचली. मग रविराज ओरडला, "आणि आता आपल्या भागुमावशी!"

भागुबाई माहेरची नवी साडी नेसून स्टेजवर आली. कुंदननं शालीची घडी मोडली. दोन हातांत शाल पसरून तो पुढं झाला. ही एवढीशी शाल, पण भागुबाईला ती ताडपत्रीएवढी दिसली. खांद्यावर पडली की संपलं. तिनं शालीखालून हात घातला आणि मुलाचं मनगट धरलं. माईक शेजारीच होता, त्यामुळं पुढचं सगळं मारुतीपर्यंत ऐकू गेलं.

"थांब. मला कशापायी बसवतो?"

"आई, इथं नको ना."

"इथंच आणलं ना तू? मग इथंच बोल. लाज वाटती का माझी?"

कुंदननं समोर पाहिलं. कॉलनीतली माणसं पहिल्याच रांगेत. "थोडी वाटते," तो म्हणाला. खरं बोलून गेला आणि स्वतःच दचकला. मग त्याचा चेहरा कसातरीच झाला. "पण त्यापायी नाही गं. आज सकाळी मी नाक्यावर आलो. फ्लेक्स मीच छापलेला, तरी तुझ्या फोटोला हार बघितला आणि तो सोडवायचंही सुचलं नाही, तसाच माघारी पळालो. मला टेम्पोचं आठवलं. तू खाली पडलेली, फुलं अंगावर पसरलेली. तेव्हाही असंच दिसलं होतं." त्यानं शाल खाली केली. "मला तसं परत नाही बघायचं."

माईकवाल्यानं उगाच माईक ठोकला.

भागुबाईनं मनगट सोडलं नाही. "मग टेम्पोत नको बसवू," ती म्हणाली. "एवढंच ना? तुझ्याकडं स्कूटर हाय. पहाटं तू सोड, पाटी तू उतरव. तू असल्यावर मी कशी पडंन?"

"पहाटे? रोज?"

"का? लाज वाटती?"

लोक हसले. पहिल्या रांगेतली कॉलनीही हसली. कुंदननं शालीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, सावळीराममामाकडं पाहिलं. मामानं खालून ओरडून सांगितलं, "हा म्हन ना भाचा! मी एवढा लांबथून उनू शे!"

"हो," कुंदन म्हणाला.

"माईकमदी बोल."

"हो म्हणतोय ना, आई!"

रविराजनं शाल वाया जाऊ नये म्हणून ती सावळीरामच्या अंगावर घातली. का घातली हे कुणाला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी उजेडायच्या आत कुंदनची स्कूटर फुलबाजारात शिरली. कंपनीत जायचे कपडे घालून, पायाशी पाटी, मागं आई. लंकाबाईनं पाट्या सरकवल्या होत्या, पण पूर्ण नाही, हातभर ठेवून. भागुबाईनं पायानं त्या उरलेल्या ढकलल्या आणि बारदान पसरलं. तोवर बातमी खरी की खोटी बघायला गिऱ्हाईकं जमलीच होती.

"मावशी, तुम्ही गेल्या होत्या म्हणे?"

"हार घ्यायचा का चौकशी?" ती म्हणाली, आणि मग कुंदनकडं वळली. "बस इथं. मी चहा पिऊन येते."

"मी? आई, सातला माझी शिफ्ट आहे."

"मग लवकर बस. जागा मोकळी ठेवायची नाय, लंका बघती हाय."

कुंदन इस्त्रीच्या पँटमध्ये बारदानावर टेकला. लगेच एका बाईनं हार उचलून भाव विचारला, दुसरीनं सुटी शेवंती मागितली, तिसरीला दूर्वा हव्या होत्या. लंकाबाईनं जवळ सरकून प्रेमानं विचारलं, "जमंना का रे? मी बसू का?"

"आई!" कुंदननं टपरीकडं बघून हाक मारली. "आई, झेंडू काय भाव?"

भागुबाईनं ऐकलं. तिनं पाठ फिरवून कपातला चहा बशीत ओतला आणि चहावाल्याला म्हणाली, "अजून अर्धा दे. सावकाश दे."